शब्दाची नेमकी जागा शोधून दिल्याबद्दल

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

अभंगांची शब्दसूची तयार करताना प्रत्येक शब्द ओळीत नेमका कुठे येतो हे पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेकडून काढून घेण्यासाठी आपण जी मदत केलीत, तिच्याबद्दल हे जाहीर आभारपत्र लिहीत आहे. जाहीर अशासाठी, की देवनागरी मजकुरावर काम करणाऱ्या कोणालाही ही अडचण येऊ शकते.

'वाट' शोधले की 'वाटेवर'मधलाही तुकडा हाती येत होता आणि 'हळू' मात्र समोर दिसत असूनही सापडत नव्हता. शब्दाची सीमा ओळखणारे बॅकस्लॅश-बी हे चिन्ह पायथॉनच्या री मॉड्यूलमध्ये (नमुन्यानुसार मजकूर शोधणाऱ्या भागात) काना, मात्रा, उकार यांना शब्दाचा भागच मानत नाही. त्यामुळे 'वाटेवर'मधल्या 'ट'पाशी त्याला शब्द संपलेला दिसतो आणि 'हळू'च्या उकारानंतर सीमा दिसतच नाही, हे आपण एकेक कोडपॉइंट (संगणकासाठी अक्षराचा किंवा चिन्हाचा सुटा क्रमांक) वेगळा करून दाखवलेत. रेजेक्स या वेगळ्या मॉड्यूलमध्ये ही अडचण येत नाही, हेही आपणच सांगितलेत.

शब्दाच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा जोडून शोधण्याचा सोपा वाटणारा उपाय का फसतो, याचे आपले उदाहरण तर फारच बोलके होते. 'तो हळू हळू चालला' या वाक्यात पहिला 'हळू' सापडताना मधली मोकळी जागा खर्ची पडते, म्हणून दुसरा निसटतो. शिवाय सापडलेल्याची सुरुवातही ३ ऐवजी २ अशी मिळते (मोजणी शून्यापासून, आणि काना-मात्राही वेगळ्या मोजून). लुकबिहाइंड आणि लुकअहेड या मागच्या-पुढच्या अक्षरावरच्या अटी मात्र शेजारचे अक्षर फक्त तपासतात, स्वतःत घेत नाहीत, त्यामुळे सगळ्या जुळण्या एकेक करून देणारे फाइंडआयटर हे फंक्शन ३ आणि ७ या दोन्ही जागा बिनचूक देते.

शब्दाला लागून काय नसावे हे सांगणाऱ्या त्या अटीत देवनागरीचा ०९०० ते ०९७एफ हा युनिकोड क्रमांकांचा सरसकट पट्टा घालू नये, ही आपली सूचना अभंगांसाठी सर्वांत मोलाची ठरली. एकेरी आणि दुहेरी दंड (०९६४ व ०९६५) त्याच पट्ट्यात बसतात, आणि दंडाला चिकटलेला चरणाचा शेवटचा शब्द, म्हणजे बहुधा यमकाचाच, सूचीतून गळतो.

आपण सुचवल्याप्रमाणे 'दुसऱ्या'सारख्या शब्दांची दोन प्रकारे टंकलेली रूपे आधी एकसारखी करून घेते आणि मगच जागा मोजते. जुन्या पद्धतीतल्या 'ऱ्या'त न दिसणारा एक जोडकोड असतो, त्यामुळे पुढचे सगळे आकडे एकाने सरकतात.

आपली कृतज्ञ,
शब्दसूचीचे काम करणारी एक विद्यार्थिनी