धुराड्याला मानवेल अशी शेगडी

बर्गन, नॉर्वे
28 डिसेंबर

तीर्थरूप अण्णा आणि आई यांना साष्टांग नमस्कार.

आम्ही दोघं खुशाल आहोत. रोज फोन होतो तरी पत्र कशाला, असं छोटी वाचता वाचता म्हणेलच. अण्णांना फोनवर निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं, आई, तू त्यांच्यापर्यंत पोचू देत नाहीस. म्हणून लिहून पाठवतोय. छोटीनं मधलं काही गाळू नये.

शेतातल्या येळवशीच्या सणाचे फोटो पाहिले. कडब्याची कोप यंदा झकास झाली. भज्जीचं पातेलं मोठं करून बघितलं, मग फोन पालथा ठेवला. इथं दहाच्या सुमाराला उजाडतं, साडेतीनला मावळतं, आणि पाऊस. वर्षातले दोनशेच्या वर दिवस पाऊस. 2016 ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं, तेव्हा टँकरमागं घागर घेऊन पळणारा मी आता पावसाला वैतागतो. अण्णा, हसू नका.

तर शेगडीचं. स्टोव्ह म्हटलं की तुम्हाला रॉकेलचा वाटेल, म्हणून आपलं शेगडीच म्हणतो. बिडाची, काचेच्या दाराची, लाकडावर चालणारी. या जुन्या घराबरोबर एक आलीच होती, पण ती 1998 च्या आधीची, जास्त धूर सोडणारी. बर्गन डोंगरांच्या मधल्या खळग्यात आहे, थंडीत वारं पडलं की धूर गावावरच बसून राहतो. म्हणून तसल्या जुन्या शेगड्या पेटवायला 2021 पासून इथं बंदी आहे. म्हणजे मी उधळपट्टी केली नाही, बदलावीच लागली. विजेवर भागलं नसतं का, हा अण्णांचा प्रश्न. भागतं, पण कडाक्याच्या थंडीत बिल बघवत नाही.

दुकानात गेलो तर तिथला पोरगा सगळ्यांत मोठी शेगडी गळ्यात मारायला बघत होता, नऊ किलोवॅटची. शेजारचे म्हातारे आजोबा सोबत होते म्हणून वाचलो. ते म्हणाले, तुझ्या एवढ्याशा खोलीला पाच पुरे. मोठी घेतलीस तर उकडायला लागेल, मग तू हवा कमी करशील, लाकूड धुमसत राहील आणि धुराड्यात आतून डांबर धरेल. ते डांबर एखाद्या दिवशी पेट घेतं. म्हणजे पंगतीच्या चुलवणावर कपभर चहा ठेवण्यातली गत.

दुसरं म्हणजे मला आवडलेली शेगडी घेताच आली नाही. धुराड्याला जिथं जुनं भोक आहे, त्या उंचीला तिची नळी बसेना. भोक बुजवून नवं पाडायचं म्हणजे वेगळा खर्च. मग उलट्या बाजूनं सुरुवात केली. आधी धुराड्याची मापं घेतली, मग त्याला मानवेल अशी शेगडी शोधली. आपल्याला पसंत असून काय उपयोग, नांदायचं तिला त्या धुराड्याशी.

आता आई, तुझी काळजी. दारं-खिडक्या लावून खोलीत शेगडी पेटवली आणि माणसं झोपेतच गेली, ही बातमी तू मला तीन वेळा सांगितलीस. ती उघडी शेगडी असते गं. इथं धूर, वायू सगळं नळीतून छपराच्या वर जातं. शिवाय विषारी वायूची घंटा भिंतीला लावली आहे. आगीच्या बंबाच्या खात्यातला माणूस येऊन धुराडं तपासून गेला, कॅमेरा आत सोडून. त्यात एक चीर निघाली. किल्लारीच्या भूकंपानंतर अण्णा कुणाच्याही घरात शिरले की आधी भिंतीची चीर बघतात, त्यामुळं हे लपवत नाही. आतून वरपर्यंत स्टीलची नळी घातली आहे, आता काही प्रश्न नाही. उगीच झोप उडवून घेऊ नका.

एक गोष्ट मात्र तुला पटणार नाही. ही माणसं जाळ वरून लावतात. हो, वरून. खाली जाड ओंडके, त्यावर मधली फोडलेली लाकडं, सगळ्यांत वर ढलप्या, आणि काडी लावायची ती ढलप्यांना. मी आजोबांना म्हटलं, आमच्याकडं पोरंसुद्धा खालून पेटवतात. ते म्हणाले, लाकूड तापलं की आधी धूर सोडतं. खालून पेटवलं तर तो धूर वरच्या गार लाकडांमधून तसाच निसटतो. वरून पेटवलं तर त्याला जाळातूनच जावं लागतं, आणि तो तिथं जळतो. म्हणजे धूर हेसुद्धा जळणच. पहिल्या दिवशी मी खाली वाकून फुंकर मारायला गेलो तर हिनं मागं ओढलं. ढलप्या जळाल्या, मधलं लाकूड धरलं, जाळ पायरी-पायरीनं खाली उतरला आणि छपरावर धूर जवळजवळ दिसेना. लाकूडही वाळलेलं लागतं, पाणी वीस टक्क्यांच्या आत. त्याचं यंत्र मिळतं, पण आजोबा दोन फाटे एकमेकांवर आपटून आवाज ऐकतात, तू बाजारात माठ वाजवतेस तसं.

त्या रात्री काचेसमोर बसलो आणि परसातली तू दिसलीस, आंघोळीच्या पाण्याखाली ओल्या तुराट्या सारून फुंकणी फुंकणारी. सौर बंबाचं मी मागच्या दिवाळीत बोललो होतो. विसरलो नाही. तुझा खोकला कसा आहे ते फोनवर खरं सांगत जा.

आता पैशाचं. शेगडीला एक लाख लागले, असं मी फोनवर म्हणालो होतो. तसं नाही. शेगडी, आतली नळी आणि मजुरी मिळून पावणेपाच लाख झाले. छोटीच्या लग्नाचे पाच दिवाळीपर्यंत पाठवतो म्हणालो होतो, ते का अडलं हे आता कळलं असेल. दोन या आठवड्यात पाठवतो, तीन मार्चमध्ये, नक्की. निलंग्याच्या पाहुण्यांना तारीख कळवून टाका, हॉलची इसार त्या दोनातून द्या. भाव नसताना सोयाबीन काढू नका आणि सोसायटीचं कर्ज तर अजिबात नको. बस्त्याला मी नसेन. लग्नाला येईन, पण आठच दिवस, आणि एकटा. हिची रजा होत नाही. छोटे, रागावू नकोस, तुझी बिदाई होईपर्यंत हलणार नाही.

तुमचा,
धाकटा

ता. क. पार्सलात येसर पाठव. मागच्या वेळी पिशवी फुटली होती, या वेळी डब्यात भर.