दादा, सळईवरचा खिमा का गळतो

लंडन

ती. दादा आणि सौ. वहिनींना सा. न. वि. वि.

जूनमध्ये तुम्ही आलात की ग्रीन लेन्सवरच्या तुर्की हॉटेलात जाऊ. मॅनर हाउस स्टेशनला उतरून उत्तरेकडे चालत निघालं की ती रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लागतात. झुंबरंवाली सोडायची. जिथे दारातच कोळशाची लांब शेगडी, वर तांब्याचं धुराडं आणि कडेनं बसायला जागा दिसेल, ते छोटं हॉटेल धरायचं. अशाला ओजाकबाशी म्हणतात. जागा शेगडीपाशीच मागू. धुराचा वास कपड्यांना लागतो, तेव्हा वहिनी, त्या दिवशी चांगली साडी नको.

बसल्याबसल्या भाराभर मागवायचं नाही. मटण सांगितलं की बहुतेक ठिकाणी गरम पाव, कोशिंबीर आणि निखाऱ्यावर भाजून डाळिंबाच्या आंबट पाकात घातलेला कांदा आपोआप येतो. हा कांदा कधीकधी मटणापेक्षा सरस असतो! पहिली सळई अदानाची, म्हणजे तिखट खिम्याची. तिखट नको असेल तर उर्फा. तुकड्यांचं मटण मसाल्यात मुरवून वेळ मारून नेता येते, अदानात तसं चालत नाही. सोबत आयरान घ्यायचं. आपलंच खारं ताक, फक्त दाट.

आता तुझा प्रश्न, दादा: गच्चीवर खिमा सळईवरून का गळतो? एक तर तुझी सळई गोल आणि बारीक आहे. उलटताना सळई फिरते, खिमा जागेवरच राहतो. इथे दीड बोट रुंद, चपटी पट्टी असते. दुसरं म्हणजे तू घालतोस तो कांदा. कांद्याला पाणी सुटतं आणि खिम्याची पकड जाते. अदानात कांदा नाही, अंडं नाही, बेसन तर नाहीच. मेंढीचं मटण, शेपटीची चरबी, लाल मिरची, मीठ, बस्स. ओली लाल मिरची घातलीच तर बारीक चिरून घट्ट पिळून घ्यायची.

आपल्याकडे बोल्हाईचं, म्हणजे मेंढीचं, मटण मिळतं, तेच घे. दख्खनी मेंढीची शेपटी बारीक, तिच्यात चरबी नसते, म्हणून खाटकाकडून छातीची मागून घे. एक किलो मटणाला दोनशे ग्रॅम चरबी, अठरा-वीस ग्रॅम मीठ, दोन मोठे चमचे ब्याडगीची भरड. मशीनमधून काढू नको, चरबी घासून लगदा होतो. इथले कारागीर कोयत्याएवढ्या वाकड्या सुरीनं हातानं चिरतात. मीठ घालून हाताला चिकटेपर्यंत मळायचं आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. सळईवर चढवेपर्यंत ते गारच हवं. उन्हात ठेवलंस तर चरबी पातळ होऊन सगळं घसरतं. एका सळईला साधारण दीडशे ग्रॅम, ओल्या हातानं दाबून, दोन्ही टोकं पट्टीला घट्ट चिकटवून. वर बोटांनी खाचा पाडायच्या.

जाळी वापरायची नाही. सळईची दोन्ही टोकं कडांवर टेकवून मांस अधांतरी ठेवायचं. कोळसा पांढऱ्या राखेखाली लाल झालेला हवा. पहिल्या मिनिटात दोन-तीनदा उलटायचं, म्हणजे सगळीकडून धरतं. एकच बाजू भाजत बसलास तर दुसरी लोंबते. चरबी ठिबकून जाळ उठला की सळई बाजूला सरकवायची, पाणी मारायचं नाही, राख उडून मांसावर बसते. मधूनमधून सळई पातळ पावावर दाबायची. तो तूप प्यालेल्या भाकरीसारखा पाव आधी संपतो.

वहिनी, तुमच्यासाठी चुलीत भाजलेला चीजचा पिदे, म्हणजे वर चीज घातलेला लांबट पाव आहे. मसूरडाळीचं सूप मागवण्याआधी विचारायचं, कधीकधी त्यात मांसाचं पाणी असतं. शेगडीवरचं हेलिम चीज आणि भाजलेल्या मिरच्या मटणाच्याच चिमट्यानं उलटतात, ते चालत नसेल तर नकोच. गुरुवार सोडून जाऊ, म्हणजे दादाची पंचाईत नाही.

दादा, चपट्या सळया तिकडे बनवून घेऊ नकोस, इथे तुर्की दुकानांत मिळतात. फक्त परतताना त्या मोठ्या बॅगेत टाक. हातातल्या बॅगेत सापडल्या तर विमानतळावर काढून घेतील.

कळावे,
तुझा धाकटा