पोळ्याले येशीन त बॅग लगेच उघडू नोको

बाळा,

तुही आई म्हणे का तू पोळ्याले कॅमेरा घेऊन येऊन रायला, म्हणून लिहून रायलो, फोनवर तू हो हो करतं अन विसरून जातं.

मागच्या साली काय झालं आठवते ना. एसी बसमधून उतरला, बॅग उघडत उघडतच तोरणाखाली आला अन लेन्सवर सारं धुकं. पुसलं का परत धुकं. तेवढ्यात झडत्या (पोळ्याची गाणी) संपल्या, तोरण तुटलं, आपल्या बैलजोडीचा एक फोटो नाही. थंड पाण्याच्या गिलासाले बाहेरून घाम येते ना, तसंच थंड काचेवर दमट हवेतलं पाणी साचते, अन ते आतल्या सर्किटवरही साचू शकते. म्हणून यावेळी घरी आला का चेन लावलेलीच ठेव, तासभर बॅगेले हात नोको लावू.

अन बुरशीचं त मले लय लागलं हाये. माही ५० एमएमची लेन्स चामड्याच्या कव्हरात घालून कपाटात साड्यांखाली ठेवली होती, आखाडापासून दिवाळीलोक पाह्यलीच नाही. मंग टॉर्चवर धरून पाह्यलं त आत कोळ्याच्या जाळ्यावानी बारीक पांढरे तंतू, पार कडेपर्यंत. साफ करून आणली पण काचेवरचं कोटिंग (पातळ थर) खाल्लेलं ते खाल्लेलंच, आता उजेडाकडं तोंड केलं का फोटो फिका येते. हवेत ६० टक्क्याच्या वर ओल राह्यली का बुरशीले फावते, अन आपल्याकडं श्रावणात त कपडेही वाळत नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घे, त्यात कॅमेऱ्यासंग सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे) टाक, दाण्याचा रंग बदलला का गरम करून वाळव पण स्वयंपाकाच्या कढईत नोको. लोकं कॅमेरा तांदुळात ठेव म्हणते, त्याचं पीठ फटीत जाते, आयकू नोको. अन आठ-पंधरा दिवसांनी कॅमेरा काढून दोन फोटो काढत जाय, पडून राह्यलेलीच वस्तू खराब होते.

गुलाल उडत असला का लेन्स बदलू नोको. बदलाचीच पडली त आडोशाले जाय, कॅमेरा बंद कर, त्याचं तोंड खाली धर. तोंडानं फुकू नोको, थुंकी उडते, रबरी ब्लोअर वापर. कॅमेऱ्याचा लाइट लुकलुकत असताना मेमरी कार्ड ओढू नोको.

ओसरीतलं स्टूल तुह्या बॅगेसाठी मोकळं करून ठेवतो. बैलाच्या शिंगाले बेगड मी तू आल्यावरच लावीन, तो फोटो पायजेच.

तुहा बाबा