काकांच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन कधी?

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

काकांचा टूडी एको, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट, नीट वाचला. 'ईएफ ६२ टक्के, म्हणजे पंपिंग उत्तम' असं तू लिहिलंस, गफलत तिथेच होते. ईएफ म्हणजे दर ठोक्याला डावा खालचा कप्पा आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो ते. मायट्रल झडप, म्हणजे डाव्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांमधली झडप, गळत असली की डावा खालचा कप्पा आवळताना थोडं रक्त पुढे महारोहिणीत जातं, थोडं मागे वरच्या कप्प्यात. मागे दाब कमी, म्हणून दमलेला स्नायूही जोमदार वाटतो. गळती बंद झाली की त्याची खरी ताकद उघडी पडते आणि ईएफ उतरतो. या आजारात ६० म्हणजे धोक्याची रेघ.

दुसरा आकडा एलव्हीईएसडी, म्हणजे पुरता आवळल्यावर उरलेला कप्प्याचा व्यास. त्याची रेघ ४० मिमी. काकांचा ३८ आहे. गळती तीव्र असताना ईएफ ६० किंवा खाली गेला, अथवा व्यास ४० ला पोचला, तर त्रास नसला तरी ऑपरेशन करायचं. दम लागत असेल तर या आकड्यांसाठी थांबायचंच नाही. आणि 'मला काही होत नाही' यावर विसंबू नकोस. माणूस नकळत जिना टाळतो, चाल मंदावतो. स्ट्रेस टेस्ट करून घे, खरं काय ते कळेल.

गळती तीव्र आहे हे मात्र पडद्यावरच्या रंगीत झोतावरून ठरवू नये. गळतीचं भोक ०.४ चौ. सेमी किंवा मोठं, दर ठोक्याला ६० मिली किंवा जास्त रक्त मागे, हे मोजून लिहिलेलं हवं. एकोच्या वेळी बीपी चढलेलं असेल तर गळती वाढलेली दिसते, म्हणून बीपीही लिहून घे. दोन मिमीचा फरक नुसत्या मोजण्यातही पडतो. पुढचा एको सहा महिन्यांनी, त्याच सेंटरला, जुनी चित्रं शेजारी ठेवून.

आता खरी आशेची गोष्ट. रिपोर्टप्रमाणे मागच्या पाकळीचा मधला भाग उलटतोय, पाकळीला धरून ठेवणारी एक दोरी तुटली आहे. दुरुस्तीला हीच सगळ्यात सोयीची झडप: गोरटेक्सची (कृत्रिम धाग्याची) नवी दोरी किंवा पाकळीचा छोटा त्रिकोण कापून शिवण, वर झडपेच्या कडेला आधाराची रिंग. संधिवाती तापाने जाड झालेल्या झडपेला हे सहसा टिकत नाही. दुरुस्ती फसली तर झडप बदलावी लागते: धातूची घेतली तर जन्मभर रक्त पातळ करायची गोळी, आयएनआर (रक्त किती पातळ झालं याचं माप) तीनच्या आसपास; जैविक घेतली तर ती साधारण १०-१५ वर्षं टिकते.

म्हणून सर्जनना स्पष्ट विचार: अशा किती झडपा दुरुस्त केल्या, किती बदलाव्या लागल्या? दुरुस्तीची खात्री ९५ टक्क्यांहून जास्त आणि जिवाचा धोका एक टक्क्याहून कमी असेल, तर रेघ ओलांडायची वाट कशाला पाहायची? माझं मत, दिवाळीनंतर उरकून घ्या. छाती बंद करण्याआधी अन्ननलिकेतून एको करून गळती तपासतात का, हेही विचार.

तोवर दातांच्या डॉक्टरांकडे नेऊन आण. किडलेल्या दातातले जंतू नव्या रिंगवर बसू शकतात. नाडी अनियमित वाटली तर लगेच ईसीजी काढ आणि मला फोन कर.

काका-काकूंना नमस्कार.

तुझा,
अनिरुद्ध