लोखंडाचं नाव, काम कोणाचं?

प्रिय सच्या,

"अजून तीच रिअॅक्शन का रे" असं विचारलंस ना, हो तीच. फोनवर सांगून होणार नाही म्हणून लिहितोय, चहा घेऊन बस.

कार्बनला कार्बन जोडायचा, एवढंच आमचं काम. ती जोडणी घडवून आणायला (म्हणजे उत्प्रेरक म्हणून, चिमूटभर घालायचं) सगळ्यात भारी मेटल म्हणजे पॅलॅडियम, हेक, नेगिशी आणि सुझुकीला 2010 चं केमिस्ट्रीचं नोबेल त्याच्यावरच मिळालं. तुझे बाबा बीपीला लोसार्टान घेतात ना, ती बनवायच्या एका पद्धतीत सुझुकीच्या ह्याच पॅलॅडियमवाल्या रिअॅक्शनची स्टेप आहे. पण पॅलॅडियम महाग, आणि गोळीत उरलं तरी पंचाईत, पोटातून घ्यायच्या औषधात दिवसाला 100 मायक्रोग्रॅमची मर्यादा आहे. म्हणून मी पॅलॅडियमऐवजी लोखंडावर ट्राय करतोय. यील्ड (म्हणजे हवा तो माल) मस्त येतंय, आणि मला तेच खटकतंय!

कारण ह्या लाइनीत भले भले फसलेत. 2003 मधे लेडबीटर नावाच्या केमिस्टच्या ग्रुपने लिहिलं की सुझुकीची रिअॅक्शन असल्या मेटलशिवाय होते, पाण्यात, सोडियम कार्बोनेट घालून, मायक्रोवेव्हमधे. 2005 मधे त्यांनीच परत तपासलं तर त्या विकतच्या सोडियम कार्बोनेटमधेच पॅलॅडियम निघालं, शंभर कोटी भागात जेमतेम 50 भाग, आणि तेवढ्यावर सगळं चाललेलं. स्वतःच छापलं हे, मानलं बुवा. लोखंडाचंही तेच, 2009 मधे बुखवाल्ड आणि बोल्म ह्या केमिस्टांनी दाखवलं की फेरिक क्लोराइडच्या (लोखंडाचं क्षार) नावावर खपलेल्या काही रिअॅक्शन त्यातल्या चिमूटभर तांब्यामुळे होत होत्या.

त्यामुळे सध्या माझी निम्मी पीएचडी म्हणजे धुणीभांडी. फ्लास्क अॅसिडने धू, ढवळायचा मॅग्नेट दरवेळी नवा घे (त्याच्यावरच्या टेफ्लॉनला बारीक चिरा पडतात, त्यात जुनं पॅलॅडियम जाऊन बसतं), लोखंड न घालता ब्लँक लाव, दुसऱ्या कंपनीचं फेरिक क्लोराइड घे, मग मुद्दाम कणभर पॅलॅडियम घालून फरक पडतो का बघ. ज्युनियर पोरं हसतात, हसू देत.

पण नुसता वैताग नाहीये हां. 1953 मधे जर्मनीत म्युलहाइमला झीगलर ह्या केमिस्टच्या लॅबमधे इथिलीन वायूच्या लांब साखळ्या व्हायच्या तर दोनच इथिलीन जुळून ब्यूटीन झालं आणि थांबलं, शोधलं तर आधीच्या कामातलं निकेल भांड्यात राहिलेलं. आता आपण काय केलं असतं, भांडं घासून पुढे गेलो असतो. ह्या लोकांनी म्हटलं, निकेल हे करतं तर बाकीचे धातू काय करतात? एकेक घालून बघत गेले, झिर्कोनियम, टायटॅनियम, आणि कमी दाबावर पॉलिथिन हातात आलं, 1963 ला नोबेल! म्हणून माझ्या लोखंडात काही निघालंच तर ते किती आणि कुठून आलं हे पण लिहायचं असं मी ठरवलंय. गाइडना पेपर आधी हवाय, मला आकडा आधी हवाय, त्यावरून रोज थोडी कुरबुर.

सॅम्पल आयसीपीला (कणभर धातूही मोजणारं मशीन) दिलंय, तिथे ही रांग. रिझल्ट आला की सांगतो, आणि तू तुझ्या नवीन नोकरीचं नीट लिही, नुसते इमोजी नको पाठवू.

तुझाच,
मंद्या