नाकारला नाही हो, पैसे थांबवले

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत पुरस्कार परत करणाऱ्या लेखकांवरचा लेख वाचला. लेख चांगला होता, पण त्या यादीत रिचर्ड फ्लॅनगन या ऑस्ट्रेलियन लेखकाला 'बेली गिफर्ड पुरस्कार नाकारला' असं म्हणून कोंबलाय ते खटकलं. नाकारला नाही हो त्याने. २०२४ च्या नोव्हेंबरात लंडनला कार्यक्रम होता आणि हा तिकडे टास्मानियाच्या जंगलात ट्रेकला गेलेला, भाषणाचा व्हिडिओ आधीच रेकॉर्ड करून पाठवला होता. त्यात पुरस्काराबद्दल आभार मानले, स्पॉन्सर कंपनीबद्दलही वाकडं बोलला नाही, फक्त ५० हजार पौंड (आपले पन्नास लाखांच्या वर!) इतक्यात घेणार नाही म्हणाला. कंपनी म्हणजे ही बेली गिफर्डच, एडिंबराची, लोकांचे पैसे गुंतवणारी. तेल-कोळशातली गुंतवणूक कमी करून सौर-पवन वगैरेतली वाढवायचा प्लॅन दाखवा, मग घेतो, एवढंच. म्हणजे पुरस्कार घेतला, चेक थांबवला. याला 'नाकारला' कसं म्हणायचं?

तुम्ही म्हणाल काय बाई शब्दाचा कीस पाडताय. पण आपल्याकडेच बघा ना, २०२२ च्या डिसेंबरात नक्षलवादाच्या आरोपाखाली तुरुंगात राहिलेल्या कोबाड गांधींच्या पुस्तकाच्या मराठी अनुवादाला राज्य सरकारने पुरस्कार जाहीर केला आणि आठवडाभरात स्वतःच रद्द केला, मग निषेध म्हणून कुणी समित्यांचे राजीनामे दिले, कुणी आपल्याला मिळालेला पुरस्कार नको म्हणून कळवलं. तिथे देणाऱ्याने काढून घेतला, घेणाऱ्यांनी नाकारला, आणि फ्लॅनगनने तर देणाऱ्यालाच अट घातली. तिन्ही एकाच पिशवीत टाकून 'पुरस्कारवापसी' लिहिलं की झालं?

आणि गंमत म्हणजे फ्लॅनगनचा हा बेली गिफर्ड पुरस्कारच मुळात एका शब्दकोशवाल्याच्या नावाचा. १९९९ ला सुरू झाला, ब्रिटनमध्ये ललितेतर पुस्तकांसाठी याच्याइतका मान दुसऱ्या कशाला नाही, आणि २०१५ पर्यंत नाव होतं सॅम्युअल जॉन्सन पुरस्कार. जॉन्सन म्हणजे १७५५ चा इंग्लिश डिक्शनरीवाला, आपल्याकडे मोल्सवर्थ तसा. पैसे मिळत नसताना लिहितो तो ठोंब्या, असं हाच म्हणून गेलाय, आणि याच्याच डिक्शनरीत पेट्रन म्हणजे आश्रयदाता या शब्दाचा अर्थ काय दिलाय, तर साधारणपणे मगरुरीने पोसणारा आणि बदल्यात खुशामत घेणारा नालायक माणूस! आता स्पॉन्सरचं नाव लावायचं म्हणून नेमकं जॉन्सनचंच नाव काढलं. वर जॉन्सन हसत असणार.

बरं, परीक्षक काही स्पॉन्सरचं तोंड बघून निवड करत नाहीत हेही सांगायला हवं, नाहीतर माझ्यावरच अन्यायाचा आरोप यायचा. आदल्याच वर्षी, २०२३ ला, हाच पुरस्कार जॉन व्हेलंटच्या पुस्तकाला मिळाला, ते कॅनडातल्या फोर्ट मॅकमरी या तेलावर जगणाऱ्या गावाला २०१६ मध्ये लागलेल्या वणव्यावर आहे. २०१२ च्या अंतिम यादीत आपल्या मुंबई एअरपोर्टजवळच्या अण्णावाडी वस्तीवरचं कॅथरीन बू यांचं पुस्तक होतं. तुमच्या लेखात यातलं काहीच नाही. बुकर जाहीर झालं की अर्धं पान आणि याला चार ओळी, त्यातही क्रियापद चुकलेलं. फ्लॅनगनला तर बुकरही मिळालंय, २०१४ ला. दोन्ही मिळवणारा तो पहिलाच.

माझी मुलगी मेलबर्नला असते, तिने फ्लॅनगनचं हे पुरस्कारवालं पुस्तक पाठवलं, 'क्वेश्चन सेव्हन'. त्याचे वडील जपानमध्ये युद्धकैदी होते, कोळशाच्या खाणीत राबवलेले, हिरोशिमावर बॉम्ब पडला नसता तर ते वाचले नसते आणि मग हाही जन्मला नसता. एवढ्या माणसांच्या मरणावर आपलं जगणं उभं आहे हे घेऊन तो सगळं पुस्तकभर फिरत राहतो. नाव रशियन लेखक चेखॉव्हच्या एका गमतीच्या गणितावरून घेतलंय, ट्रेन पहाटे तीनला निघून रात्री अकराला पोचायची, ऐन वेळी ऑर्डर येते की सातलाच पोचायला पाहिजे, तर सांगा, जास्त काळ प्रेम कोण करू शकतं, पुरुष की बाई? मी दोनदा वाचलं ते पान, चष्मा पुसून.

तर विनंती एवढीच, पुढच्या रविवारी कोपऱ्यात दोन ओळींची दुरुस्ती छापा.

आपली,
एक जुनी वाचक, सांगली

ता. क. पुस्तक मी आमच्या वाचनालयाला देऊन टाकलं. ग्रंथपाल बाईंनी रजिस्टर उघडून आधी 'कादंबरी' लिहिलं, मग खोडून 'आत्मचरित्र', मग 'इतिहास', शेवटी वैतागून 'संकीर्ण'. आजवर दोघांनीच नेलंय, त्यातल्या एका रिटायर्ड रेल्वेवाल्या काकांनी परत देताना विचारलं, ट्रेन सातला पोचली का ते कुठेच दिलेलं नाही.