गणवेशाच्या कापडात काय आहे, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतला कृत्रिम धाग्यांवरचा लेख वाचला आणि राहवलं नाही, म्हणून लिहिते आहे. १९३५ साली नायलॉन तयार झालं, आधी दात घासायच्या ब्रशात आणि मग पॅराशूटमध्ये गेलं, पॉलिस्टर चुरगळत नाही, झटकन वाळतं, हे सगळं बरोबर आहे. ठाण्याच्या पावसात दिवस काढणाऱ्या बाईला छत्री, रेनकोट आणि कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी यांची किंमत चांगली ठाऊक असते. पण हे कापड अंगात घालून दिवसभर बसणाऱ्याचं काय होतं, त्यावर अख्ख्या पानात एक ओळ नाही!

नौपाड्यात माझं आयुष्य शिवणकामात गेलं. शाळांचे गणवेशही पुष्कळ शिवले. तेव्हा टेरिकॉट यायचं, बहुतेक ६७ टक्के पॉलिस्टर आणि ३३ टक्के सूत. कापड टिकायचं आणि घामही टिपायचं. आता नातीच्या शाळेने एकच दुकान ठरवून दिलं आहे, बाहेरून शिवलेला गणवेश चालत नाही. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि पोरीच्या मानेवर, काखेत घामोळ्या उठल्या. डॉक्टर म्हणाले, सुती घाला. शर्टाच्या आतल्या पट्टीवर तर 'कॉटन रिच', म्हणजे सूत जास्त, असं छापलेलं.

मी शर्टाच्या खालच्या दुमडीतून एक उभा आणि एक आडवा धागा ओढून काढला आणि चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीजवळ नेला. सूत असतं तर कागद जळल्यासारखा वास आला असता आणि बोटाने पुसली जाईल अशी मऊ राख राहिली असती. दोन्ही धागे ज्योतीपासून आक्रसत मागे सरले, वितळले, काळा धूर निघाला आणि टोकाला कडक काळा मणी उरला. नखाने दाबूनही तो फुटला नाही. त्यात सुताची एकही खूण दिसली नाही.

पालकसभेत मी हे बोलले, तेव्हा उत्तर मिळालं, "आजी, हल्ली खेळाडूसुद्धा पॉलिस्टरच घालतात." घालतात ना! त्यांचे बनियन बारीक तंतूंचे, जाळीदार विणलेले असतात. घाम त्या तंतूंच्या फटींतून बाहेरच्या बाजूला पसरतो आणि उडून जातो. गणवेशाचं कापड मागावरचं, घट्ट विणीचं, वर गळ्यापर्यंत बटणं आणि कमरेला पट्टा. १०० ग्रॅम सूत हवेतला सात-आठ ग्रॅम ओलावा स्वतःत धरतं, पॉलिस्टर अर्धा ग्रॅमही धरत नाही. मग आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत घाम जाणार कुठे? तो अंगावरच राहतो.

घामोळ्या एक वेळ बऱ्या होतात, पण आगीचं काय? पॉलिस्टर साधारण २६० अंशांना वितळतं आणि वितळलेला थेंब कातडीला चिकटून बसतो, ओढून काढता येत नाही. प्रयोगशाळेत आणि स्वयंपाकघरात असले कपडे घालू नयेत, हे विज्ञानाच्या तासाला शिकवायचं आणि त्याच कपड्यात मुलांना स्पिरिटच्या दिव्यासमोर उभं करायचं, याचा मला संताप येतो. याला जबाबदार कोण, शाळा की दुकानदार? दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

ज्या ठाण्यात रेमंडची गिरणी होती आणि शेजारच्या भिवंडीत यंत्रमाग चालतात, तिथल्या लोकांना कापडातलं काही कळत नाही, असं कुणी समजू नये. आमचं मागणं फार नाही. गणवेशाच्या पट्टीवर पॉलिस्टर किती टक्के आणि सूत किती टक्के ते खरं छापा, आणि सुती किंवा टेरिकॉटचा गणवेश शिवून घ्यायची पालकांना मुभा द्या. तुमच्या वार्ताहराने शहरातल्या दोन-चार दुकानांतून शर्ट विकत घ्यावेत, प्रयोगशाळेत तपासून घ्यावेत आणि आलेला निकाल छापावा. असा लेख आम्ही जपून ठेवू.

जाता जाता आणखी एक. हा गणवेश ज्या पिशवीत घालून दिला, ती दुकानदाराने कापडी म्हणून हातात ठेवली. ती पॉलिप्रॉपिलीनची होती, म्हणजे प्लास्टिकच. विणलेली नसते ती, धागे तापवून एकमेकांना चिकटवलेले असतात. मार्च २०१८ च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीत या पिशव्याही होत्या आणि केंद्राच्या नियमाने ३० सप्टेंबर २०२१ पासून चौरस मीटरला ६० ग्रॅमपेक्षा हलकी अशी पिशवी चालत नाही. माझ्याकडची ओट्यावर ठेवली तर आरपार फरशी दिसते. महापालिकेचं पथक भाजीवालीच्या टोपलीतल्या पातळ पिशव्या उचलून नेतं, तर या दुकानांतही जाऊन बघावं.

आपली नित्य वाचक,
नौपाडा, ठाणे (प.)